उसन्या चालीचा शाहीर

एखादे गीत अस्सल आहे की नाही, हे ठरविताना आपल्याकडे हल्ली तीन प्रश्न हमखास विचारले जातात: चाल स्वतःची आहे काय, शब्द स्वतःचे आहेत काय, आणि त्या शब्दांमागचा अनुभव गाणाऱ्याने स्वतः भोगलेला आहे काय. मिळकतीच्या दाव्यात ज्याप्रमाणे दस्तऐवज, ताबा आणि वहिवाट पाहून मालकी ठरवितात, त्याप्रमाणे या तिन्ही बाबींचा पुरावा दाखल करणाऱ्यालाच कलावंतपणाचा हुकूमनामा मिळतो, आणि ज्याच्याकडे यांपैकी एकही कागद कमी पडेल त्याला नकलाकारांच्या रांगेत उभे केले जाते. एकांतात बसून रचलेल्या नागर भावगीताला ही कसोटी कदाचित लागू पडत असेल. परंतु ज्याने समूहासाठी, समूहाच्या तोंडी बसेल असे, आणि समूहानेच पिढ्यानुपिढ्या घडवीत आणलेल्या सामग्रीतून गीत रचले, त्याला ती लावणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आपण आपल्या शाहिरांवर, जलसेकारांवर आणि जात्यावर गाणाऱ्या स्त्रियांवर दीर्घकाळ करीत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मांडण्यासाठी उदाहरण मात्र मी दूरचे घेतो. अमेरिकेतील वुडी गथ्री या लोकगायकाने १९४० साली ‘डस्ट बोल बॅलड्स’, म्हणजे धूळप्रदेशाचे पोवाडे, या नावाचा जो गीतसंच ध्वनिमुद्रित केला, त्यात चाली बहुतांशी उसन्या आहेत, सर्वांत दीर्घ गीताची कथा उसनी आहे, आणि ज्याच्या तोंडून ही गीते बोलतात तो ‘मी’ही उसनाच आहे, असे असूनही विसाव्या शतकातील लोकगीताच्या इतिहासात त्याच्याइतका स्वयंभू वाटणारा दुसरा संच मला सांगता येणार नाही.

त्या संचाचा बाह्य इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात २६ एप्रिल १९४० रोजी गथ्रीने गिटार आणि हार्मोनिका या दोनच वाद्यांच्या साथीने बहुतेक सर्व गीते एका बैठकीत गाऊन टाकली, आणि उरलेली दोन ३ मे रोजी गाइली. एकूण तेरा गीते मुद्रित झाली, परंतु त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपत असल्यामुळे लांबीच्या अडचणीपायी दोन वगळावी लागली, आणि अकरा गीते सहा तबकड्यांच्या बारा बाजूंवर, तीन-तीन तबकड्यांच्या दोन संचांत, त्याच वर्षी विक्रीस आली. गायक त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. सुटी गीते एकत्र बांधून विकण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. एकाच आपत्तीचा, एकाच स्थलांतराचा वृत्तान्त पहिल्या बाजूपासून बाराव्या बाजूपर्यंत सलगपणे सांगणारा संच मात्र विरळाच, आणि म्हणूनच पुढील काळातील अभ्यासकांनी एका सूत्राभोवती गुंफलेल्या गीतसंचांच्या परंपरेत याला आद्य स्थान दिले आहे.

ज्या आपत्तीचा तो वृत्तान्त आहे ती अर्धी निसर्गाची आणि अर्धी मनुष्याची होती. अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण तृणभूमी पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चढलेल्या भावाच्या मोहाने लक्षावधी एकर नांगरली गेली. हजारो वर्षे मातीला धरून ठेवणाऱ्या गवताची मुळे ट्रॅक्टरने उखडून टाकली. पुढे भाव कोसळले, शेते उघडी पडली, आणि १९३१ च्या सुमारास अवर्षणाला प्रारंभ होताच ती सुटी झालेली माती वाऱ्यावर स्वार होऊन निघाली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी आलेले वादळ सर्वांत भयंकर ठरले. गथ्री त्या वेळी टेक्सस राज्याच्या उत्तर टोकातील पॅम्पा या गावी राहत होता. दिवसाउजेडी गावावर काळ्या भिंतीसारखा धुळीचा लोट चालून आला, घरातल्या दिव्याचा प्रकाश हातभर अंतरावर दिसेनासा झाला, आणि बायबलवर श्रद्धा असणाऱ्या त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका खोलीत दाटीवाटीने बसून जगाचा अंत आला असे मानून एकमेकांचा निरोप घेतला. त्या निरोपातूनच संचातील सर्वांत प्रसिद्ध गीत जन्मले. त्याच्या कडव्यांची चाल बिली द किड नावाच्या दरोडेखोरावरील एका प्रचलित पोवाड्याची आहे. आभाळ काळवंडलेले असताना प्रवचन करू न शकणारा धर्मोपदेशक चष्मा मिटून ठेवतो आणि वर्गणीचे ताट मात्र फिरवितो, असे एक चित्र त्या गीतात आहे. प्रलयाच्या क्षणीही गावातील माणसांचे स्वभाव कवीच्या नजरेतून सुटले नाहीत, याची ती खूण आहे. दुसरा एखादा कवी त्या भिंतीच्या वर्णनातच रमला असता. गथ्रीने भिंतीला एक स्वतंत्र गीत दिले आणि या गीतात माणसांना जागा करून दिली.

आता त्या ‘मी’विषयी. या संचात बोलणारा ‘मी’ म्हणजे पिकाने दगा दिलेला, सावकाराने नाडलेला, बायकामुलांना मोडक्या मोटारीत घालून पश्चिमेकडे निघालेला शेतकरी आहे. गथ्री हा असा शेतकरी कधीच नव्हता. ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या गावी १४ जुलै १९१२ रोजी तो जन्मला, आणि त्याचे वडील जमिनीची खरेदीविक्री करणारे व स्थानिक राजकारणात उठबस असणारे गृहस्थ होते. त्या घराण्यावर दुर्दैवाचे आघात झाले हे खरे: बहीण भाजून गेली, आई हंटिंग्टन या आनुवंशिक मज्जाविकाराने ग्रासून वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली, वडिलांची सारी मिळकत बुडाली. परंतु जमिनीवरून बेदखल होण्याचे दुःख त्याच्या वाट्याला आले नव्हते. १९३७ साली तो कॅलिफोर्नियाला गेला तो कुटुंबकबिल्याच्या मोटारीतून नव्हे, तर एकटाच, मिळेल त्या वाहनाने. या माहितीचा आधार घेऊन काही टीकाकार त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवतात. मला यात प्रामाणिकपणाची उणीव दिसत नाही. उलट त्याने ‘मी’ हे सर्वनाम ज्या कष्टाने कमावले ते कष्ट पाहिले म्हणजे आदर वाटतो. लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या नभोवाणी केंद्रावर तो व त्याची सहगायिका गावाकडची जुनी गाणी गात असत, आणि घरदार सोडून आलेल्या श्रोत्यांची पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येत. १९३८ साली एका लहानशा वृत्तपत्राचा प्रतिनिधी म्हणून तो कॅलिफोर्नियातील निर्वासित शेतमजुरांच्या तळांतून हिंडला, तेथे गायला, आणि गाण्याहूनही अधिक त्याने ऐकून घेतले. अशा रीतीने ज्याच्या जवळ शेकडो लोकांच्या जबान्या जमा झाल्या, त्याने त्या एका तोंडातून वदविल्या तर तो तोतया कसा ठरतो? वकील अशिलाच्या वतीने ‘माझे म्हणणे’ असे लिहितो तेव्हा त्यावर आपण आक्षेप घेत नाही.

त्या तळांमध्येच त्याला एक भक्तिगीत वारंवार कानी पडे. हे जग माझे घर नव्हे, मी येथला केवळ वाटसरू, माझा ठेवा स्वर्गात आहे, अशा आशयाचे ते गीत तिकडे विलक्षण लोकप्रिय होते, आणि उपाशी पोटाने तंबूत राहणारी माणसे ते डोळे मिटून गात असत. गथ्रीला त्याचा संताप आला. ज्यांची घरे या जगातल्या बँकांनी आणि जमीनदारांनी काढून घेतली, त्यांनी ती हानी स्वर्गाच्या खात्यावर का मांडावी, हा त्याचा प्रश्न होता. त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने भक्तिगीताविरुद्ध लेख लिहिला नाही, नवे स्फूर्तिगीतही रचले नाही. त्याने तीच चाल घेतली, तीच पहिली कल्पना घेतली, आणि तिच्यातील घर या शब्दाला अध्यात्मातून खाली उतरवून विटामातीच्या घराचा अर्थ दिला. आता तो वाटसरू सांगू लागला की मला घर नाही कारण ते हिसकावले गेले, पोलीस मला ठरू देत नाहीत, माझे भाऊबंद याच रस्त्यावर अडकून पडले आहेत. ऐकणाऱ्याच्या कानात जुने गीत आधीच वस्तीला असल्यामुळे नव्या गीतातील प्रत्येक ओळ जुन्या ओळीला उत्तर देते. आणि ही दुहेरी उक्ती, हा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच सुरात गुंफण्याचा योग, नवीकोरी चाल बांधून कदापि साधला नसता. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी अखंड लिहिले तेव्हा अभंगाच्या छंदाचाच आश्रय केला, आणि वारकऱ्यांच्या कानाला शतकानुशतके परिचित असलेल्या त्या लयीतून सत्यधर्माचा आणि मानवी समतेचा विचार सांगितला. १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा रचताना त्यांनी शाहिरांचाच साचा घेऊन राजाला शूद्रांचा कैवारी म्हणून उभे केले. साचा परका नाही म्हणून आशयाचा वेगळेपणा झाकला जात नाही. तो अधिकच उठून दिसतो.

उसन्या चालीचे व्यावहारिक फायदेही कमी नाहीत, आणि ते सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. जो श्रोता दिवसभर द्राक्षे तोडून किंवा कापूस वेचून आला आहे, त्याला नवी चाल शिकण्याची उसंत नसते. ओळखीच्या चालीवरचे गीत तो दुसऱ्या कडव्यापासून गाऊ लागतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तळावर घेऊन जातो. शिवाय कवीचेही लक्ष मोकळे होते. सुरांची जुळवाजुळव परंपरेने आधीच करून ठेवलेली असल्यामुळे त्याची सारी शक्ती तपशिलावर, नेमक्या शब्दावर, बोलीच्या वळणावर खर्च होऊ शकते. संचातील एका गीतात तर गाणे जवळजवळ नाहीच: गिटारच्या तीन स्वरसमूहांवर निवेदक सपाट आवाजात बोलत जातो, ही बोलगाण्याची पद्धत ख्रिस बुशिलन या गायकाने १९२६ साली तबकडीवर आणली होती, आणि गथ्रीने ती घेऊन तिच्यात शेत विकून मोटार घेणाऱ्या, डोंगराच्या वळणावर तोल गमावणाऱ्या आणि तळावर पातळ रशावर दिवस काढणाऱ्या कुटुंबाची हकीकत भरली. धुळीने फुप्फुसे भरून होणाऱ्या न्यूमोनियावरील गीतात त्याने जिमी रॉजर्स या क्षयाने मरण पावलेल्या लोकप्रिय गायकाची शैली घेतली, आणि रॉजर्सच्या गाण्यात जेथे कंठाची ती सुप्रसिद्ध गिरकी यावयाची, नेमक्या त्या ठिकाणी रोगी सांगतो की छातीतल्या घरघरीमुळे ती आता जमणार नाही. रॉजर्स ज्याला ठाऊक आहे त्याच्या काळजाला ती रिकामी जागा जितकी भिडते, तितकी कोणतीही नवी तान भिडली नसती.

संचातील सर्वांत दीर्घ गीत म्हणजे ‘टॉम जोड’. जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली, १९४० च्या आरंभी जॉन फोर्ड यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट आला, आणि गथ्रीने तो पाहून त्या कथेचा पोवाडा केला. चाल घेतली जॉन हार्डी या फाशी गेलेल्या माणसाच्या जुन्या पोवाड्याची. पीट सीगर, जो त्या वेळी विशीतला होऊ घातलेला गायक होता, त्याने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी की गथ्रीने टंकलेखन यंत्र मागून घेतले, शेजारी मद्याचा बुधला ठेवून तो रात्रभर बसला, मध्येच उठून गिटारवर एखादे कडवे वाजवून पाही आणि पुन्हा टंकू लागे, आणि सकाळी घरातली मंडळी उठली तेव्हा तो झोपी गेला होता व कडवी पूर्ण झालेली होती. या आठवणीचा उपयोग बहुधा प्रतिभेच्या झटक्याचे कौतुक करण्यासाठी होतो. मला ती निराळ्या कारणासाठी मोलाची वाटते. सुमारे पाचशे पृष्ठांची कादंबरी दोन तबकडीबाजूंच्या अवकाशात बसविण्यासाठी काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निर्णय एका रात्रीत घेता येतो तो पोवाड्याचा घाट हाडीमांसी खिळलेला असतो तेव्हाच. पोवाड्यात मनाचे विश्लेषण नसते. माणूस येतो, बोलतो, मारतो किंवा मरतो, आणि कवी पुढे सरकतो. चार ओळींत एक घटना हा त्याचा दंडक असतो. हा दंडक गथ्रीच्या अंगी मुरलेला होता, कारण लहानपणापासून त्याने आईच्या तोंडून असेच जुने पोवाडे ऐकले होते. आणि ते करण्यामागील त्याचा हेतूही त्याने सांगून ठेवला आहे: ओक्लाहोमातील ज्या लोकांची ही कथा, त्यांना पुस्तक विकत घेणे किंवा चित्रपटाचे तिकीट काढणे परवडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे गीत. स्टाइनबेकने लोकांकडून घेतलेले त्याने लोकांच्या पत्त्यावर परत पाठविले.

या संचाचा विषय धूळ आहे असे वरवर वाटते. बारकाईने ऐकल्यास असे ध्यानी येते की धूळ ही प्रस्तावना असून खरा विषय अधिकार हा आहे. कोणाला कोठे राहण्याचा अधिकार, कोणाला रस्त्याने जाण्याचा अधिकार, कोणाला काम मागण्याचा अधिकार. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या नगर पोलिसांनी स्वतःच्या हद्दीपासून शेकडो मैल दूर, कॅलिफोर्निया राज्याच्या सीमांवर चौक्या बसवून ज्यांच्याजवळ पैसा दिसणार नाही अशा आगंतुकांना परत फिरविण्याचा उद्योग आरंभला. शहराच्या पोलिसाला राज्याच्या सरहद्दीवर कसली हुकमत, हे विचारण्याचे त्राण त्या भुकेल्या माणसांत नव्हते. त्यावरील गीतात गथ्रीने सरगमीतील तीन स्वरांची नावे पैशाच्या अर्थाने वापरली, आणि खिशात ते स्वर नसतील तर या स्वर्गात पाऊल टाकू नका, असा मित्रत्वाचा सल्ला दिला. दुसऱ्या एका गीतात शेतमालकांनी पोसलेल्या बंदूकधारी टोळ्यांविषयी तो केवळ प्रश्न विचारीत जातो. हा कोण, याच्या हाती काठी का, हा आम्हांला का हाकलतो: प्रश्नांची ही साधी माळ कोणत्याही आरोपपत्रापेक्षा कठोर आहे. भूगोलाचा काटेकोर हिशेब केला तर कॅलिफोर्नियात लोटलेले पुष्कळसे ओक्लाहोमावासी प्रत्यक्ष धूळप्रदेशातले नव्हते; ते त्या राज्याच्या पूर्व भागातील कापूस पिकविणारी कुळे होती, आणि सरकारने पीक कमी करण्यासाठी जमीनमालकांना दिलेल्या रकमांतून मालकांनी ट्रॅक्टर घेतले व कुळांना काढून लावले, हे त्यांच्या स्थलांतराचे मोठे कारण होते. इतिहासकाराने हा भेद करावा. शाहिराने मात्र धूळ, ट्रॅक्टर आणि बँक यांना एकाच ओळीत उभे केले, आणि ते सत्याला सोडून नव्हते, कारण रस्त्यावर आल्यावर त्या दोन्ही प्रकारच्या माणसांना शिवी एकच ऐकावी लागत होती.

या मताविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. चाल तयार, साचा तयार, विषय पुढ्यात; मग हे काम यांत्रिक होणार नाही काय? होते, आणि गथ्रीच्याच हातून ते झाले. १९४१ साली कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारासाठी बॉनव्हिल वीज प्रशासन या सरकारी खात्याने त्याला एक महिन्याच्या कराराने कामावर घेतले, आणि त्याने त्या महिन्यात सव्वीस गीते रचून दिली. त्यांतील काही गीते आज वाचताना खात्याच्या वार्षिक अहवालाला यमके जोडल्यासारखी वाटतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच महिन्यात, ‘प्रिटी पॉली’ या खुनाच्या जुन्या पोवाड्याच्या खिन्न चालीवर त्याने फिरत्या शेतमजुरांचे ‘पाश्चर्स ऑफ प्लेंटी’ हे गीत रचले, आणि ते उत्कृष्ट आहे. प्रियकराने रात्री डोंगरात नेऊन मारलेल्या मुलीची ती चाल समृद्धीच्या गाण्याला लावणे ही निवड होती, आणि त्या निवडीमुळेच भरल्या कुरणांच्या वर्णनाखाली मजुराच्या वणवणीचा गंभीर सूर घुमत राहतो. कोणत्या शब्दांना कोणती जुनी चाल द्यावी, हा निर्णय घेण्याची दृष्टी म्हणजेच या परंपरेतील प्रतिभा; ती जागी असते तेव्हा गीत उभे राहते, आणि निजते तेव्हा पडते, हे स्वतःच्या चाली बांधणाऱ्यांच्या बाबतीतही तितकेच खरे नाही काय?

दुसरी अडचण मला अधिक टोचते, आणि ती नैतिक आहे. समूहाच्या भांडारात नुसते सोने नसते. १९३७ साली गथ्रीने नभोवाणीवर एक जुने गाणे सादर केले, ज्याच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठी अत्यंत अपमानकारक शब्द होता. दक्षिणेकडील गोऱ्या घरांत तो शब्द सर्रास वापरला जाई आणि त्याने तो विचार न करता उच्चारला. एका कृष्णवर्णीय तरुण श्रोत्याने त्याला निषेधाचे पत्र पाठविले. गथ्रीने दुसऱ्या कोणावर दोष ढकलला नाही. त्याने ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखविले, क्षमा मागितली, आणि तशी गाणी आपल्या संग्रहातून काढून टाकली. परंपरेतून घेणाऱ्याने चाळणी लावून घेतले पाहिजे, ही जाणीव त्याला अशा रीतीने एका श्रोत्याने दिली, आणि त्या प्रसंगापूर्वीचा गथ्री व नंतरचा गथ्री यांत मोठे अंतर आहे. तरीही १९४० च्या संचात एक उणीव राहिलीच. कॅलिफोर्नियाच्या त्याच शेतांत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर त्या आधीपासून राबत होते, दक्षिणेतील बेदखल कुळांत कृष्णवर्णीय कुटुंबे असंख्य होती. धूळप्रदेशाच्या पोवाड्यांत त्यांचा आवाज ऐकू येत नाही. ज्याने इतक्यांच्या वतीने ‘मी’ म्हटले त्याच्या ‘मी’मध्ये एवढे लोक मावले नाहीत, हे त्याच्या चाहत्यांनीही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

व्यापाराच्या दृष्टीने त्या संचाचे नशीब बेताचेच निघाले. विक्री फारशी झाली नाही, तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्या, आणि गथ्रीने त्या पुन्हा काढण्याची केलेली विनंती व्हिक्टर कंपनीने मानली नाही. १९५० साली मोझेस ॲश यांच्या फोकवेज या लहान संस्थेने त्यांतील गीते नव्या तबकडीवर आणली. मूळ कंपनीला जाग आली ती १९६४ साली, लोकगीतांची लाट अमेरिकाभर उसळल्यानंतर. तोवर एक नवी पिढी त्या गाण्यांवर पोसली गेली होती. त्या पिढीतील बॉब डिलनने १९६२ साली आपल्या पहिल्याच गीतसंचात गथ्रीला उद्देशून एक गीत गायले, आणि त्यासाठी चाल निवडली ती गथ्रीच्याच एका गीताची. गुरुदक्षिणेचा याहून उचित प्रकार मला सुचत नाही.

आपल्या साहित्यव्यवहारात ही रीत एके काळी उजळ माथ्याने वावरत होती. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ पदाची पहिली ओळ दिलेली असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, लावणी अशा प्रेक्षकांच्या परिचयाच्या चालींचा त्यांनी मुक्तहस्ते उपयोग केला, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा घाट उचलून त्यातील गण-गौळणीचे रूप पालटले. अण्णाभाऊ साठे यांनी लावणीच्या आणि छक्कडीच्या घाटात मुंबईच्या कामगाराचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दुःख आणले. नंतरच्या काळात मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. चाल उसनी घेतल्याची नोंद करण्याची प्रथा मागे पडली, आणि तिच्या जागी ध्वनिमुद्रिकांवर ‘पारंपरिक’ असा एकच शब्द आला. त्या एका शब्दाच्या आड कोणत्या गावची, कोणत्या जातीची, कोणत्या बाईची वा फकिराची ती चाल होती, हे सारे बुजून गेले. उसने घेण्याला माझी हरकत नाही हे वर पुरेसे सांगितले आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पुसण्याला मात्र माझी सक्त हरकत आहे.

नावाचे मोल काय असते ते गथ्रीच्याच एका उत्तरकालीन गीताने दाखविले आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत एक विमान कोसळून बत्तीस माणसे मरण पावली. त्यांतील अठ्ठावीस जण मेक्सिकोला परत पाठविले जाणारे शेतमजूर होते, आणि देशभर गेलेल्या बातमीत विमानातील अमेरिकनांची नावे आली, मजुरांचा उल्लेख मात्र केवळ हद्दपार केलेले लोक असा झाला. गथ्रीने त्यावर ‘डिपोर्टी’ ही कविता लिहिली, आणि धूळप्रदेशाच्या संचात जे लोक आले नव्हते ते या कवितेत मध्यभागी आले. ते वृत्त वाचून त्याला खरी नावे मिळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्याने त्यांना स्वतः नावे दिली. चाल त्याने कोणतीही निश्चित केली नव्हती. सुमारे दहा वर्षांनी, गथ्री आईकडून आलेल्या त्याच दुर्धर विकाराने रुग्णालयात पडून असताना, मार्टिन हॉफमन या तरुणाने त्या शब्दांना चाल लावली, आणि सीगरने ती सभासंमेलनांतून गाऊन सर्वत्र नेली. आयुष्यभर इतरांच्या चाली घेणाऱ्याला अखेरीस कोणी तरी चाल दिली. २०१३ साली, टिम हर्नांडेझ या लेखकाने चालविलेल्या शोधानंतर, फ्रेझ्नो येथील दफनभूमीत त्या अठ्ठावीस मजुरांच्या सामूहिक थडग्यावर सर्वांची नावे कोरलेली शिळा बसविण्यात आली. या शोधाला त्या गीताची प्रेरणा होती.

महाराष्ट्रात असे काम झालेच नाही असे नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, आणि ओवी कोणत्या स्त्रीने सांगितली व ती कोणत्या गावची, याची नोंद तिच्याशेजारी ठेवली. मावळातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या बाईने आईकडून घेतलेल्या लयीत स्वतःच्या संसाराचे चार शब्द घातले, तर त्या चार शब्दांवर तिचे नाव राहिले पाहिजे, हे त्या संकलकांनी ओळखले होते. लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी, त्यांचे कार्यक्रम बसविणाऱ्या निर्मात्यांनी आणि शालेय पाठ्यपुस्तकांच्या संपादकांनी ‘पारंपरिक’ हा शिक्का उमटविण्यापूर्वी एवढी चौकशी करावी: हे गीत आपण कोणाच्या तोंडून ऐकले, त्या व्यक्तीने ते कोणाकडून घेतले, आणि चाल कोठली; आणि जे कळेल ते गीताच्या शीर्षकाखाली छापावे, व मानधनाचा हिशेब करताना त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना विसरू नये.